कुणाला भेटायचंय?

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यातली गोष्ट. संध्याकाळचे साडेपाच झाले होते, लॅबमधली मुलं गेली होती आणि मी अंतर्गत परीक्षेचे मार्क ऑनलाइन भरत बसले होते. साइट मध्येच लटकायची, मग पुन्हा पासवर्ड, पुन्हा पहिल्यापासून. दाराशी एसवाय बी.एस्सी.ची, म्हणजे दुसऱ्या वर्षाची, एक मुलगी येऊन उभी राहिली. पाठीला सॅक, हातात ओढणीचं टोक. म्हणाली, "मॅडम, तुम्हाला मेल आला असेल. शिफारसपत्राचा. उद्या शेवटची तारीख आहे." मी स्क्रीनवरून नजर न काढता म्हटलं, "हो गं, बघते रात्री." ती "थँक्यू मॅडम" म्हणाली आणि एसटी गाठायला पळाली. जिन्यावरून तिच्या चपलांचा आवाज खालपर्यंत ऐकू आला. मी रात्री मेल बघितला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी दुसरंच काही शोधताना तो सापडला. विज्ञान अकादम्यांच्या उन्हाळी फेलोशिपसाठी, म्हणजे सुट्टीत एखाद्या प्रयोगशाळेत संशोधनाचं काम करायला मिळावं म्हणून, तिने अर्ज भरला होता आणि शिफारस करणारी शिक्षक म्हणून माझं नाव दिलं होतं. मुदत आदल्या रात्रीच संपली होती.

मी तिला बोलावून घेतलं. काय बोलायचं ते ठरवलं होतं, पण तीच आधी म्हणाली, "राहू दे मॅडम, पुढल्या वर्षी."

एवढंच. आवाजात राग नाही, रडू नाही. एसटी चुकल्यावर माणूस "पुढली बघू" म्हणतो ना, तसं. ते मला फार लागलं. ती चिडली असती तर मी माफी मागून मोकळी झाले असते. पण वस्तू हातात येण्याआधीच ती गेल्याची सवय एकोणीस वर्षांच्या पोरीला असावी, आणि या वेळी ती माझ्या हातून गेलेली असावी, हे काही केल्या मनातून जाईना. रात्री पोळ्या लाटताना आठवायचं. स्टाफरूममध्ये कुणी सहज "पुढच्या वर्षी बघू" म्हटलं तरी आठवायचं.

माझ्या बी.एस्सी.च्या वर्षात, म्हणजे १९९८ साली, कोकण रेल्वे नुकतीच पूर्ण सुरू झाली होती. मे महिन्याच्या सुट्टीत मी त्या गाडीने मुंबईला गेले. परळला मामाकडे. मामा गिरणीतून बाहेर पडून एका दुकानात हिशेब लिहायचा. मुंबईत एक मोठी प्रयोगशाळा आहे, तिथे जिवंत पेशी बाटलीत वाढवतात, असं मी कुठेतरी वाचलं होतं आणि मला ते बघायचं होतं. बघायचं म्हणजे काय, तिथे कुणीतरी मला उन्हाळाभर कामाला ठेवून घ्यावं, बाटल्या धुवायला का होईना, असं मनात होतं. मामाने अर्धा दिवस रजा टाकली. इस्त्रीचा शर्ट घातला, माझ्या मार्कशीटची झेरॉक्स प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली आणि आम्ही दोन बस बदलून त्या फाटकाशी गेलो. आत गुलमोहर फुलले होते. रस्ता इतका स्वच्छ होता की फुलं पडलेली मोजता आली असती. केबिनमधल्या रखवालदाराने रजिस्टर पुढे सरकवलं. नाव, गाव, वेळ, आणि चौथा रकाना. तो म्हणाला, "कुणाला भेटायचंय?"

मामाने माझ्याकडे पाहिलं. मी मामाकडे.

आम्हाला कुणालाच भेटायचं नव्हतं. म्हणजे कुणालाही चाललं असतं. पण त्या रकान्यात "कुणालाही" लिहिता येत नाही. रखवालदार वाईट बोलला नाही. उलट त्याने आम्हाला पाणी दिलं, आणि "साहेबांचं नाव घेऊन या, मी लगेच सोडतो" म्हणाला. परतताना मामाने मला दादरला उसाचा रस पाजला. बर्फाच्या चुऱ्यासकट तो रस मी प्यायले, पण घशातला खडा काही विरघळला नाही. मामाला बिचाऱ्याला वाटत राहिलं की आपलं काहीतरी चुकलं. त्याचं काय चुकलं असणार? त्याला एकही नाव माहीत नव्हतं. आमच्या सगळ्या घरात, वाडीत, शाळेत, कुणालाच असं एक नाव माहीत नव्हतं.

पक्षितज्ज्ञ सलीम अलींची गोष्ट आपण सगळ्यांनी शाळेत ऐकली आहे. छऱ्याच्या बंदुकीने पडलेली चिमणी, तिच्या गळ्यावरचा पिवळा ठिपका, आणि १९०८ साली ती चिमणी घेऊन बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत गेलेला मुलगा. तिथल्या मिलर्डसाहेबांनी त्याला हाकललं नाही, कपाटाचे खण उघडून पेंढा भरलेले पक्षी दाखवले आणि तिथून पुढचं सगळं घडलं. ही गोष्ट मीही दर वर्षी पहिल्या वर्षाच्या वर्गाला सांगते. पण सांगताना मी एक धागा नेहमी भर्रकन ओलांडत आले होते. त्या मुलाला मामा होता. अमिरुद्दीन तय्यबजी. मामा सोसायटीचे सभासद होते, मिलर्डना ओळखत होते, आणि भाच्याला तिथे त्यांनीच पाठवलं. पुढे जवळजवळ अर्ध्या शतकाने पुण्यातल्या एका मुलाला प्रश्न पडला, की काही वेड्या राघूंच्या शेपटीतली ती तारेसारखी लांब पिसं अचानक नाहीशी का झाली? वडील म्हणाले, सलीम अलींना पत्र लिही. मुलाने लिहिलं, उत्तर आलं, की पक्षी पिसं टाकतात, ती पुन्हा येतात. तो मुलगा म्हणजे पुढचे पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ. वडील अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ, आणि सलीम अलींशी त्यांची ओळख होती. या दोन्ही मुलांचं कर्तृत्व मी तसूभरही कमी लेखत नाही. चिमणीच्या गळ्याकडे आणि राघूच्या शेपटीकडे बघणारे डोळे त्यांचे स्वतःचे होते. पण त्या डोळ्यांनी पाहिलेलं कुठे न्यायचं, हे सांगणारं माणूस घरात होतं.

माझ्या विद्यार्थिनीच्या घरात तसं कुणी नाही. वडील एका आंबा बागायतदाराकडे राखणीला आहेत, आई हंगामात पेट्या भरायला जाते. सव्वासहाची एसटी पकडून ती कॉलेजला येते. तिला फेलोशिपचं कळलं ते फोनवरच्या कुठल्याशा ग्रुपवर. अर्ज तिने एकटीने भरला, फोटो लहान करून चढवणं, मार्कशीट स्कॅन करणं, सगळं. त्या सगळ्या अर्जात दुसऱ्या माणसाने करायचं असं एकच काम होतं. चिठ्ठी द्यायचं. मामाचं काम. तेवढं माझ्याकडे होतं.

डिसेंबरात मी तिला म्हटलं, तू आणखी कुठे कुठे लिहिलंस ते मला दाखव. तिने फोन पुढे केला. सदतीस मेल होते. पुणे, मुंबई, बंगळुरू, हैदराबाद. संस्थेच्या साइटवर जीवशास्त्र विभाग उघडायचा, वरून खाली सगळ्या शास्त्रज्ञांना तोच मजकूर पाठवायचा, पुढची संस्था घ्यायची. एकाचंही उत्तर नव्हतं. मी मेल वाचला. मायना आदरणीय सर किंवा मॅडम असा, दोघांनाही एकदम. मग मला आपल्या थोर संशोधनाबद्दल अपार आस्था आहे, मी मेहनती आहे, चटकन शिकते, आपल्या मार्गदर्शनाखाली काम करण्याची संधी मिळाल्यास आभारी राहीन. इंग्रजी एकदम चोख. एका सीनियरने दिलेला नमुना होता तो, आणि त्यालाही कुणीतरी दिलेला. मी तो दोनदा वाचला आणि त्यात ही मुलगी शोधत राहिले. एसटीच्या खिडकीत बसून येणारी, लॅबमध्ये सूक्ष्मदर्शकाच्या नळीवरून डोळा न काढणारी, प्रश्न विचारताना आधी ओढणी चाळवणारी. ती त्या मजकुरात कुठेच नव्हती. हा मेल महाराष्ट्रातल्या कुठल्याही मुलाचा असू शकला असता. तिकडे बसलेल्या शास्त्रज्ञाला दिवसाला असे किती येत असतील कोण जाणे. त्याला तरी कसं कळावं की हे पत्र नक्की कुणाचं?

आणि मग माझ्या लक्षात आलं की तिने केलं ते मी केलं होतं तेच. फाटकाशी जाऊन उभी राहिली होती, सदतीस फाटकांशी, आणि चौथा रकाना सगळीकडे रिकामा.

मी विचारलं, "तुला खरंच काय बघायचंय गं?" ती गप्प. तुला काय आवडतं? "सगळंच आवडतं मॅडम." हे उत्तर मला दर वर्षी मिळतं, आणि ते खोटं नसतं. आम्ही मुलांना असा प्रश्न कधी विचारलेलाच नसतो. आम्ही विचारतो ते पोटप्रकार आणि लक्षणं. मी तिचा जर्नल तपासायला म्हणून सहज उघडला. जर्नल नेहमीसारखाच, शिसपेन्सिलीच्या सुबक आकृत्या, उजवीकडे नावं, आणि माझ्याच लाल सह्या. शेवटचं पान उलटलं तर पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूपर्यंत पट्टीने आखलेले रकाने होते. तारीख. पाऊस. पाणी. पिल्लं. पाय.

"हे काय आहे?"

ती लाजली. म्हणाली, "ते असंच. सड्यावरचं."

तिच्या वाडीच्या वर कातळाचा सडा, म्हणजे उघडं सपाट पठार आहे. हल्ली या सड्यांवर लोक कातळशिल्पं बघायला येतात. जूनमध्ये तिथे पाऊस लागला की कातळाच्या खळग्यांत पाणी साचतं, आठ-पंधरा दिवसांत त्यांत बेडकांची पिल्लं वळवळू लागतात, ऑगस्टअखेर गेंद आणि सीतेची आसवं फुलून सगळा काळा दगड पांढरा-निळा होतो. ती लहानपणापासून गुरांमागे तिथे जाते. या वर्षी तिने सहा खळगे निवडले होते. जून, जुलै आणि अर्ध्या ऑगस्टपर्यंत, कॉलेजला येण्याआधी किंवा रविवारी, ती तिथे जाऊन लिहीत होती. पावसाच्या रकान्यात 'बारीक', 'मध्यम' आणि 'धो धो'. पाण्याच्या रकान्यात सेंटिमीटर, शाळेच्या पट्टीने मोजलेले, आणि वर बारीक अक्षरात 'लाल खुणेपाशी'. पिल्लं मोजायला तिने चहाची गाळणी घेतली होती. एका खळग्यात तीनदा बुडवायची, प्रत्येक वेळी आलेली मोजायची, लगेच परत पाण्यात सोडायची, आणि तिन्हींची सरासरी लिहायची. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. "एकदाच मोजलं तर कधी जास्त येतात कधी कमी येतात, म्हणून तीनदा," ती म्हणाली. आणि शेवटचा रकाना, 'पाय'. त्यात शून्य, दोन, चार, आणि काही ठिकाणी 'चार, शेपूट अर्धी'.

मी खुर्ची ओढून बसले. बेडकाच्या पिल्लाची वाढ नेमकी कुठवर आली हे ठरवायला जगभरचे अभ्यासक गॉस्नर यांचा तक्ता वापरतात, १९६० सालचा, अंड्यापासून शेपूट जिरेपर्यंत ४६ टप्प्यांचा. मागचे पाय आधी दिसतात, पुढचे नंतर बाहेर येतात, मग शेपूट आखडत जाते. या मुलीने तो तक्ता पाहिलेला नव्हता. तिने आपल्या डोळ्यांनी त्यातले चार टप्पे पकडले होते आणि त्यांचा रकाना केला होता.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात पावसाने उघडीप दिली होती. तिच्या तक्त्यात ते स्पष्ट दिसत होतं. दोन नंबरच्या खळग्याचं पाणी सहा, साडेचार, तीन, दीड असं उतरत गेलेलं. आणि त्याच पाच-सहा दिवसांत 'पाय'च्या रकान्यात दोनाचे चार झालेले. पाच नंबरचा खळगा खोल होता, त्यातलं पाणी फारसं हललं नाही, आणि तिथली पिल्लं अजून दोनावरच. खाली तिने एक ओळ लिहिली होती: लहान खळग्यातली चारपायांची पिल्लं माझ्या करंगळीच्या नखाएवढी, मोठ्या खळग्यातली अंगठ्याच्या नखाएवढी. मला काटा आला. पाणी आटायला लागलं की बऱ्याच जातींची पिल्लं आपलं रूपांतर आवरतं घेतात. अंगातली ताणाची संप्रेरकं थायरॉइडच्या संप्रेरकांना जोर देतात, पाय लवकर फुटतात, आणि पिल्लू जीव वाचवून बाहेर पडतं, पण लहान राहून. पुस्तकात मी हे वाचलं आहे. एकदा वर्गात एका वाक्यात सांगितलंही असेल. सड्यावर जाऊन कधी पाहिलेलं नाही. माझं घर त्या सड्यापासून तासाभराच्या अंतरावर आहे.

मी म्हटलं, "हे तू मेलमध्ये का नाही लिहिलंस?"

ती गोंधळली. "ते अभ्यासातलं नाय ना मॅडम."

या वाक्यापाशी मी बराच काळ अडले आहे. दोन वर्षांत आम्ही तिला हेच शिकवलं होतं. अभ्यास म्हणजे जर्नलचा पुढचा भाग, जिथे सह्या असतात. मागचं पान म्हणजे 'असंच'. आता नव्या शैक्षणिक धोरणात फील्ड प्रोजेक्टला क्रेडिट आहे, आणि ते चांगलंच आहे. पण मुलं मागच्या वर्षीच्या फायली मागून घेतात, वर्ष बदलतात, स्पायरल करून आणतात, आणि दीडशे फायली चार दिवसांत तपासायच्या असल्यामुळे आम्ही त्या घेतो. केंद्र सरकारच्या इन्स्पायर शिष्यवृत्तीच्या वर्षाला ८० हजारांपैकी २० हजार खास उन्हाळी प्रकल्पासाठी असतात. बारावीला बोर्डात वरच्या एक टक्क्यात आलेल्या मुलांना ही सोय मिळते, आणि त्यांतलीही काही मुलं शेवटी कुणाच्या तरी सहीचा कागद जोडून मोकळी होतात. मी अशा कागदावर सही केली आहे. हे लिहिताना हात जड होतो, पण केली आहे.

त्या डिसेंबरात मी आधी कधी शोधलं नव्हतं ते सगळं शोधून काढलं. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात पदवीच्या मुलांसाठीच राष्ट्रीय उपक्रम चालतो, त्यात जीवशास्त्रही आहे. बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू केंद्राची उन्हाळी फेलोशिप आहे. पुण्यात पाषाणला आयसर ही विज्ञानसंस्था, विद्यापीठाच्या आवारात पेशीविज्ञानाचं राष्ट्रीय केंद्र, आघारकर संशोधन संस्था. खारघरला कर्करोगावरचं संशोधन केंद्र, गोव्यात दोना पावलाला समुद्रविज्ञान संस्था. अकादम्यांच्या त्या फेलोशिपला तर शिक्षकही अर्ज करू शकतात. हे वाचून मी थोडा वेळ स्क्रीनकडे नुसती बघत राहिले, इतक्या वर्षांत मीही केला नव्हता. आणि मग जवळचं. तिची एसटी रोज भाट्याच्या खाडीपुलावरून येते. पुलाच्या अलीकडे नारळ संशोधन केंद्र आहे, नारळात मसाल्याची पिकं घ्यायची 'लाखी बाग' जिथे रुजली ते. रत्नागिरीत मत्स्य महाविद्यालय आहे, सागरी जीवशास्त्राचं संशोधन केंद्र आहे. तिकडे वेळासच्या किनाऱ्यावर कासवांची घरटी राखण्याचं काम गावातली माणसं किती वर्षं करताहेत. दोन वर्षं ती या पाट्या खिडकीतून वाचत आली, पण त्या फाटकातून आत जाता येतं असं तिला वाटलं नाही. मी तरी तिला कधी सांगितलं होतं?

आत जायचं म्हटलं तरी सगळं सोपं नाही, हेही खरं. उन्हाळी संशोधन एप्रिल-मे-जूनमध्ये असतं. आमच्याकडे ते आंब्याचे दिवस. तिच्या घरात वर्षाची मोठी कमाई त्याच दोन महिन्यांत होते, आणि पेट्या भरायला चौथे हात तिचे असतात. सगळीकडे विद्यावेतन मिळतं असंही नाही. कुणी थेट लॅबमध्ये घेतलं तर बहुतेक वेळा ते बिनपैशाचंच. वर पुण्यात राहायचं म्हणजे कॉट बेसिसची खोली, मेस, बसचा पास, डिपॉझिट. तिच्या वडिलांना मी फोन केला. ते पंधरा मिनिटं "हो बाई, बरोबर बाई" म्हणत राहिले आणि शेवटी म्हणाले, "तिकडं तिला कोण बघणार?" त्यांना जेवणाखाण्याचं म्हणायचं होतं. मला मात्र तो प्रश्न वेगळाच ऐकू आला. आणि कधी कधी मनात येतं, की ज्या मुलीचा खळगा इथे सड्यावर आहे तिला दोन महिने वातानुकूलित खोलीत पिपेट धरायला पाठवण्याचा मीच का इतका ध्यास घ्यावा? मग वाटतं, तिने पिपेटही धरावी. ती धरायची की नाही हे तिला धरून बघितल्यावर ठरवता यावं. १९९८ साली मला ते ठरवता आलं नाही, फाटकातूनच ठरलं.

जानेवारीत आम्ही दोघींनी पत्र लिहिलं. मी अट घातली, आधी मराठीत, आणि नमुन्यातला एकही शब्द नाही. तिने लिहिलं: मी अमुक गावची, आमच्या सड्यावर सहा खळगे आहेत, मी त्यांतली बेडकांची पिल्लं अडीच महिने मोजली, उघडीप पडली तेव्हा असं असं दिसलं, ते तसं का झालं हे मला समजून घ्यायचं आहे. मग आम्ही त्याचं साधं इंग्रजी केलं. तिचं इंग्रजी, माझ्या दोन-चार दुरुस्त्या. आठ ओळी आणि खाली तक्त्याचा फोटो. बेडकांवर कोण काम करतं ते शोधायला आठवडा गेला. आम्ही त्यांचे लेख उघडले, तिला सारांशातले निम्मे शब्द अडले, ते तिने वहीत उतरवून घेतले. एका लेखातला आलेख बघून ती एकदम म्हणाली, "मॅडम, यांच्याकडे पाणी मोजलेलं नाय." नव्हतंच मोजलेलं. सदतीसच्या जागी या वेळी चारच मेल गेले, चौघांना चार वेगळे. प्रत्येकासोबत माझी चिठ्ठी होती, त्याच दिवशी, तिथेच बसून लिहिलेली. ती पाठवताना बाजूला उभी होती. मी म्हटलं, बस ना. ती बसली नाही.

तीन आठवडे काही नाही. रोज सकाळी ती स्टाफरूमच्या दारातून फक्त भुवया उंचावायची आणि मी मान हलवायची. फेब्रुवारीच्या शेवटी उत्तर आलं. शास्त्रज्ञांचं नाही, त्यांच्या लॅबमध्ये पीएच.डी. करणाऱ्या एका मुलीचं. सरांनी मेल मला दिला, असं तिने लिहिलं होतं. "तू ये" किंवा "येऊ नको" असलं त्यात काहीच नव्हतं. फक्त प्रश्न होते. दोन आणि पाच नंबरच्या खळग्यांत एकाच जातीची पिल्लं होती हे कशावरून? खोली दर वेळी त्याच जागी मोजली का, आणि ती जागा कशी ओळखली? पिल्लांच्या तोंडाचे जवळून काढलेले फोटो आहेत का?

तिने मेल वाचला आणि तिचा चेहरा उतरला. "फोटो नायत. आणि जात मला नाय माहीत, मी एकच धरली." मी तिला काय सांगणार? पाच आणि दोनमध्ये वेगळ्या जाती असतील तर तिचा सगळा निष्कर्ष कोसळतो, लहान पिल्लं मुळातच लहान जातीची असू शकतात. हे मलाही सुचलं नव्हतं. मी काटा आला म्हणून खूश होऊन बसले होते. पण इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी दूरच्या माणसाने आमच्या कॉलेजमधल्या मुलीला असा प्रश्न विचारला होता, ज्याचं उत्तर फक्त तिलाच देता येणार होतं. ती थोड्या वेळाने म्हणाली, "पहिल्याचं उत्तर जूनमध्ये देईन असं लिहू? दुसऱ्याचं आत्ता देता येईल."

मार्चातल्या एका रविवारी मी तिच्या वाडीवर गेले. बागेतून वर चढताना आंब्यावर कैऱ्या लिंबाएवढ्या झालेल्या, वाडीत कुठेतरी कुत्रं भुंकत होतं. तिच्या आईने जाताना ताक दिलं आणि माझ्या डोक्यावर पदर घ्यायला लावला. सड्यावर उन्हाने दगड तापून त्याचा वास येत होता, तव्यासारखा. दुरून बघितलं तर तिथे कधी पाणी होतं असं कुणी म्हणालं नसतं. ती वाकड्या पायवाटेने सरळ चालत गेली आणि एका उथळ वाटीपाशी थांबली. तळाशी शेवाळाचा पापुद्रा वाळून कडेने वर वळला होता, बोट लावलं की भुगा होत होता. "दोन नंबर," ती म्हणाली. मग गुडघ्यावर बसली, तळव्याने माती बाजूला केली आणि मला बोलावलं. दगडावर लाल ठिपका होता. नेलपॉलिशचा. जूनपासून त्यावर पाऊस पडून गेला होता, गुरं चालून गेली होती, उन्हं तापली होती, आणि तो तिथेच होता, वाटाण्याएवढा, जरासा फुटलेला.

तिने सॅकमधून शाळेची पट्टी काढली आणि ठिपक्यावर उभी धरली. शून्याची बाजू दगडाला टेकली आहे ना, ते वाकून बघितलं. मी फोन काढला. उन्हात स्क्रीन नीट दिसेना, म्हणून तिने दुसऱ्या हाताने ओढणीची सावली केली.

"सहाही खळग्यांचे काढूया ना मॅडम," ती म्हणाली. तिसरा खळगा करवंदीच्या जाळीपलीकडे होता.